थंडीत गाडी सुरू होत नाही? सकाळी सहालाच तपासा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद दुसऱ्या दिवशी पेपरात येते, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात आणि गल्लीत कुणाची तरी गाडी 'घर्र... घर्र...' करून गप्प बसते. मालक अंगावर शाल घेऊन दहा मिनिटं सेल्फ मारत राहतो, शेजारी धक्का देतात, कसाबसा दिवस निघतो. अकरा वाजता ऊन खाऊन आलेली तीच गाडी गॅरेजात पहिल्या चावीला सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, गाडी तर ओके आहे." तो खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर उभी असलेली गाडी खरंच ओके असते. आजारी असते ती सकाळी सहाची.

म्हणून ही तपासणी तुम्हालाच करायची आहे, घरी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर आणि पहिला सेल्फ मारण्याआधी. एकदा इंजिन सुरू झालं की निम्मा पुरावा पुसला जातो.

दुसरी गोष्ट आधीच मनात पक्की करून ठेवा. आपल्याकडची थंडी हे गाडी बंद पडायचं कारण होऊ शकत नाही. पाच अंश म्हणजे गाडीच्या दृष्टीने काहीच नाही. हीच इंजिनं मनाली-लेहला उणे तापमानात निघतात. थंडी फक्त आधीपासून लंगडणाऱ्या भागाला उघडं पाडते. बॅटरी तर बहुतेक वेळा एप्रिल-मेच्या उन्हातच अर्धी मेलेली असते. उष्णतेने तिच्या आतल्या प्लेटा झिजतात, पाणी उडतं, पण उन्हाळ्यात इंजिनाचं ऑइल पातळ असल्याने ती ढकलून नेते. थंडीत एकीकडे बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते (शून्य अंशाला तिचा जोर साधारण एक तृतीयांशाने घटतो), दुसरीकडे घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्ही बाजूंनी एकदम चिमटा बसला की लपवलेलं सगळं बाहेर येतं.

मी स्वतः एका हिवाळ्यात न तपासता नवी बॅटरी टाकली होती. तिसऱ्या सकाळी गाडी पुन्हा तशीच. दोष निघाला इंजिनापासून बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. बोल्टखाली गंज होता. तो घासायला वीस मिनिटं लागली, आणि जुनी बॅटरी मी एक्स्चेंजमध्ये देऊन बसलो होतो.

आदल्या संध्याकाळी

सामान थोडंच लागतं. एक साधा डिजिटल मल्टिमीटर (काही शे रुपयांत मिळतो, भारीतला घ्यायची गरज नाही), दहा नंबरचा पान्हा, टॉर्च, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलिन आणि मोबाइल. गाडी २००८-१० नंतरची असेल तर ओबीडीचं छोटं ब्लूटूथ यंत्रही घेऊन ठेवा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ते लागतं आणि मोबाइलवर इंजिनाचे आकडे दाखवतं. नसलं तरी अडत नाही.

गाडी लावताना बॉनेटचा खटका आतून ओढून ठेवा आणि बॉनेट नुसतं टेकवून ठेवा. सकाळी दार उघडलं की आतले कॉम्प्युटर जागे होतात, दिवा लागतो आणि व्होल्टेजचा आकडा हलतो. दार न उघडता बॅटरीपर्यंत पोहोचता आलं पाहिजे.

बॉनेट उघडलंच आहे तर टॉर्च मारून बघा, उंदराने घर केलंय का. थंडीत गरम इंजिनाशेजारी त्यांची चंगळ असते. इंजेक्टरची किंवा सेन्सरची एखादी वायर कुरतडलेली दिसली तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही, सरळ वायरमनकडे जा. तंबाखूच्या पुड्या टांगणारे बरेच भेटतात. माझ्या गाडीतल्या उंदराने पुडीसकट संसार मांडला होता.

सकाळी, चावीला हात लावण्याआधी

मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २०च्या खुणेवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. टोकं टर्मिनलच्या क्लॅम्पवर न टेकवता मधल्या शिशाच्या खुंटीवर टेकवा.

१२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी. हा आकडा रात्रभर थांबलेल्या गाडीवरच घ्यायचा. नुकत्याच चालवून आलेल्या गाडीत बॅटरीच्या पृष्ठभागावर चार्ज चढलेला असतो आणि मेलेली बॅटरीसुद्धा १२.८ दाखवून फसवते. दुकानात दुपारी केलेल्या तपासणीवर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

झाकणं असलेली जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी काचेची नळी) लावून प्रत्येक खाना बघा. १२५०च्या वर असेल तर ठीक. पाच खाने १२५० आणि एकच ११५० असेल, तर तो खाना गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच टाका, नळाचं नाही.

व्होल्टेज चांगलं आहे म्हणजे बॅटरी चांगली असं समजू नका. रिकाम्या हाताने सगळेच ताठ चालतात, ओझं दिलं की खरं कळतं. ते ओझं म्हणजे सेल्फ.

पहिला सेल्फ: हा एकदाच मिळतो

इथे दुसरा माणूस लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, दिवे-एसी-म्युझिक बंद. तुम्ही मीटर बॅटरीला लावून उभे राहा आणि गळ्यातला मफलर काढून ठेवा, कारण पट्टा आणि पंखा कुणाची वाट बघत नाहीत. आतल्या माणसाला सांगा की पाच-सहा सेकंद सेल्फ मार आणि डॅशबोर्डचा व्हिडिओ चालू ठेव. आवाज रेकॉर्ड झाला पाहिजे. मेकॅनिकला "घुंई-घुंई करतं" असं तोंडाने सांगण्यापेक्षा तो आवाज ऐकवा.

सेल्फ चालू असताना व्होल्टेज खाली पडणारच. दहाच्या वर राहिलं तर उत्तम. ९.६च्या खाली गेलं तर बॅटरी एकतर उतरली आहे किंवा संपली आहे. सहा-सात व्होल्टवर कोसळलं तर वाद संपला.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. तीस सेकंद सलग मारून सेल्फची मोटर जाळलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता आवाजाकडे या. आवाज तुम्हाला चारपैकी एका वाटेला लावतो.

आवाज पहिला: जड, ओढत फिरतंय

'घुं...ई, घुं...ई'. इंजिन फिरतंय पण थकल्यासारखं. हिवाळ्यातल्या तक्रारींमध्ये हा आवाज सगळ्यांत जास्त ऐकू येतो.

मीटरने व्होल्टेज ९.६च्या खाली दाखवलं असेल तर बॅटरी चार्जरवर रात्रभर पूर्ण चार्ज करा आणि दुसऱ्या सकाळी हीच तपासणी पुन्हा करा. पूर्ण चार्ज करूनही सेल्फला व्होल्टेज कोसळत असेल तर बॅटरी बदला. वय बघा. तिच्या अंगावर महिना-वर्ष कोरलेलं किंवा चिकटवलेलं असतं, आणि आपल्या हवेत तीन-चार वर्षं झाली की तिने आपलं काम केलं असं समजावं. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिची बॅटरी वेगळ्या जातीची असते. स्वस्तातली साधी बसवलीत तर वर्षभरात पुन्हा दुकानात जाल.

चार्ज केल्यावर ठीक झाली, तर प्रश्न वेगळा आहे: ती उतरली का? दोन कारणं असतात. एक, वापर. मुलांना शाळेत सोडायला तीन किलोमीटर, परत तीन, तेही हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून. सेल्फने जे खर्च केलं तेवढंही अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) परत भरत नाही. आठवड्यातून एकदा चाळीस-पंचेचाळीस मिनिटं हायवेवर नेली तर बऱ्याच गाड्यांचा हा आजार जातो. दोन, चोरटी गळती. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम. बंद गाडी साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त खात नसावी. समजा २०० खातेय. दिवसाला ४.८ अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत अर्ध्यावर येते. बॅटरी आधीच अर्धवट भरलेली असेल तर शनिवार-रविवारी घरी बसून सोमवारी सकाळी गाडी रुसते, त्यामागचं गणित हेच.

अल्टरनेटरही बघून घ्या. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. नव्या काही गाड्या पेट्रोल वाचवायला चार्जिंग स्वतः कमी-जास्त करतात, त्यामुळे त्यांच्यात आकडा हलता दिसेल. पण इंजिन चालू असताना १२.४वरच बसला असेल तर नवी बॅटरीसुद्धा आठ दिवसांत जुनी होईल.

आता माझ्या चुकीची जागा. बॅटरीवर व्होल्टेज दहाच्या वर राहतंय, तरी इंजिन जड फिरतंय. म्हणजे बॅटरी देतेय, पण सेल्फपर्यंत पोहोचत नाहीये. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा, आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब. तसंच प्लस खुंटी आणि सेल्फची जाड वायर जिथे बसते तो बोल्ट यांच्यामध्ये ०.५पेक्षा जास्त असेल तर प्लसची वायर किंवा तिचे सांधे खराब. ही दोन मापं पाच मिनिटांत होतात आणि बहुतेक जण ती घेतच नाहीत.

साफसफाईची रीत अशी: आधी मायनस काढा, मग प्लस. बसवताना उलट, आधी प्लस, शेवटी मायनस. हा क्रम लक्षात ठेवा, कारण मायनस लागलेला असताना पान्हा प्लसवरून बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीवर कोमट पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, घट्ट आवळा, आणि आवळल्यावर वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन लावून मग आवळू नका.

विजेचं सगळं ठीक आणि तरीही जड? मग ऑइल बघा. डब्यावर '५डब्ल्यू-३०' असं लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांना किती घट्ट होतं हे तपासलेलं असतं, २०डब्ल्यूची तपासणी उणे १५ला होते. निफाडच्या पाच अंशांत २०डब्ल्यू-४०ने इंजिन अडू नये, पण कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना कुणी "जुनी गाडी आहे, जाड टाकू" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं असेल, आणि तेही दोन वर्षं न बदललेलं, तर सकाळी फरक जाणवतोच. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच टाका.

आवाज दुसरा: टक्

'टक-टक-टक-टक' असा भराभर आवाज येऊन दिवे लुकलुकत असतील तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. हलायलाच नको.

एकच जोरदार 'टक्' आणि पुढे शांतता, दिवे मात्र झगझगीत: सेल्फची मोटर किंवा तिचा सोलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा चुंबकी खटका) अडकतोय. सेल्फवर हळूच दांडक्याने ठोकल्यावर सुरू झाली तर आत कार्बन ब्रश संपलेत. त्या दिवसापुरती सोय झाली, वायरमनकडे जाणं चुकत नाही.

काहीच आवाज नाही: बटणवाल्या गाडीत आधी किल्लीचा सेल संपलाय का बघा. थंडीत तोही दगा देतो. किल्लीच बटणाला टेकवून बटण दाबा, बहुतेक गाड्यांमध्ये ती ओळखली जाते. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये आहे का, मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबलाय का. हे लिहायला बावळटपणा वाटतो, पण सहा वाजता कुणाचं डोकं चालतं?

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हा भाग वाचावा. मोठ्या बॅटरीत २०० किलोमीटरची चार्ज असली तरी गाडी जागी करायला छोटी १२ व्होल्टचीच बॅटरी लागते. ती मेली की सगळं गप्प.

आवाज तिसरा: छान फिरतंय, पण पकडत नाही

सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतोय म्हणजे वीज ठीक आहे. आता इंधन, हवा आणि ठिणगी बघायची. इथून पेट्रोल आणि डिझेलच्या वाटा वेगळ्या होतात.

*पेट्रोल.* पहिली युक्ती फुकट आहे. चावी 'ऑन'वर आणा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन सेकंद 'झंss' असा पंपाचा आवाज येईल. बंद करा. असं तीन वेळा करून मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर रात्रभरात इंधनाच्या लाइनमधलं प्रेशर उतरतंय: पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा गळणारा इंजेक्टर. आवाजच आला नाही तर पंप, त्याचा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) किंवा फ्यूज.

दुसरी तपासणी ओबीडी यंत्राची, आणि माझी सगळ्यांत आवडती. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करून कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या द्रवाचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखे, बाहेरच्या हवेएवढे असायला हवेत. बाहेर सात अंश आहेत, हवा आठ सांगतेय आणि कूलंट सेन्सर पंचेचाळीस, तर तो सेन्सर खोटं बोलतोय. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गरम आहे, आणि तो थंड इंजिनाला लागणारं जास्तीचं पेट्रोल देतच नाही. उणे ४० दिसत असेल तर वायर तुटली आहे. अकरा वाजता हा दोष कुणालाच सापडणार नाही, कारण तेव्हा इंजिन खरंच गरम असतं.

जुन्या पद्मिनीत किंवा कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००मध्ये हे काम चोक करायचा. खुंटी ओढायची, हवा कमी, पेट्रोल जास्त. आता तीच खुंटी म्हणजे हा बोटाएवढा सेन्सर.

सेल्फ मारून मारून पेट्रोलचा वास सुटला असेल तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. एक्सिलेटर पूर्ण तळाशी दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांमध्ये याचा अर्थ 'पेट्रोल बंद कर' असाच होतो. सुरू झाली की लगेच पाय काढा. स्पार्क प्लगचं आयुष्य संपलं असेल तरी असंच होतं. काढून बघा: काळेभोर, ओले, किंवा टोक गोल झिजलेले असतील तर बदला.

सीएनजीवाल्यांसाठी खास. बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. पेट्रोलची टाकी वर्षभर काट्याच्या एका काडीवर, आत सहा महिन्यांपूर्वीचं पेट्रोल. पेट्रोलमधले हलके भाग, जे थंडीत सहज पेट घेतात, तेच आधी उडून जातात. शिवाय आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तळाशी पाणी जमलं की पंप ते पाणीच उचलतो. उपाय स्वस्त आहे: टाकी किमान पावभर ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा दहा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा. गॅरेजात 'इंजेक्टर क्लिनिंग'चे पैसे देण्याआधी हे करून बघा.

*डिझेल.* डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं आणि थंड इंजिनात ती उष्णता कमी पडते, म्हणून ग्लो प्लग, आपल्याकडे हीटर प्लग म्हणतात ते. चावी ऑन केल्यावर वेटोळ्याची पिवळी खूण दिसते ती विझेपर्यंत थांबा. हे माहीत नसलेले कितीतरी डिझेलवाले आहेत, आणि दोष त्यांचा नाही. आताची कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी, जास्त दाबाने डिझेल फवारणारी) इंजिनं १५ अंशांत ग्लो प्लगशिवायही निघतात, त्यामुळे दोन प्लग मेलेत हे पुणे-मुंबईत वर्षानुवर्षं कळत नाही. निफाडला मुक्काम पडला की कळतं.

ओळखायचं कसं? गाडी बऱ्याच सेल्फनंतर निघते, अर्धा मिनिट एका पायावर नाचल्यासारखी हलते, आणि सायलेन्सरमधून डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो. तो न जळलेल्या डिझेलचा. (पेट्रोल गाडीतून थंडीत येणारी बिनवासाची वाफ मात्र निव्वळ पाणी आहे, घाबरू नका.) प्लगची वायर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा. टोक आणि इंजिनाची बॉडी यांमध्ये साधारण अर्धा ते दोन ओहम आले तर प्लग जिवंत. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो मेला. सगळेच जिवंत असतील तर त्यांचा रिले किंवा फ्यूज बघा. प्लग स्वतः काढायला जाऊ नका. जुना प्लग थंड इंजिनात तुटला तर तुकडा हेडमध्ये राहतो आणि पुढचं बिल ऐकवत नाही.

प्लग ठीक आहेत आणि तरीही लांब सेल्फ लागतोय, तर लाइन 'एअर धरतेय' का बघा. फिल्टरजवळ हाताने दाबायचा पंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा आणि मग सेल्फ मारा. पहिल्या फटक्यात सुरू झाली तर रात्रभरात कुठून तरी हवा शिरून डिझेल टाकीकडे परततंय: फिल्टरचं सील, सैल क्लिप, भेगाळलेला पाइप. डिझेल फिल्टरमधलं पाणीही याच दिवसांत काढून टाका, खाली त्यासाठी स्क्रू असतो.

डिझेल गाडीच्या एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारणारे लोक आहेत. त्यात ईथर असतं. लाल झालेल्या ग्लो प्लगवर ते गेलं की स्फोटच. माझ्या गाडीजवळ मी तो डबा येऊ देत नाही.

आवाज चौथा: सुरू होते आणि लगेच बंद पडते

एक्सिलेटर दाबून ठेवला तर चालते, सोडला की बंद? थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत) काजळी. क्लीनरने साफ करा. एक्सिलेटर दाबूनही बरोबर दोन सेकंदांनी बंद होतेय आणि डॅशवर किल्लीची खूण लुकलुकतेय? इमोबिलायझरला (खरी किल्ली ओळखल्याशिवाय गाडी चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेला) किल्ली ओळखता येत नाही. दुसरी किल्ली लावून बघा.

आज ऑफिसला तर जायचंय

जंप केबलचा क्रम: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला. बॅटरीच्या मायनसला लावायचं नाही, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. सुरू झाल्यावर उलट क्रमाने काढा.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आल्यावर क्लच झटकन सोडा. बॅटरी पार शून्य असेल तर धक्का मारून काही उपयोग नाही, कारण पंपाला आणि कॉम्प्युटरलाही वीज लागते. इंजिन बंद असेपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतात, म्हणून उतारावर हा खेळ नको. आणि पुन्हा पुन्हा नको: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतल्या धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं, आणि तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतो.

हिमाचल-लडाखला जात असाल तर

तिथली थंडी मात्र खरोखर गाडी अडवते, वर जे म्हटलं ते तिथे लागू नाही. मैदानातल्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं. म्हणून खालून टाकी तुडुंब भरून नेण्यापेक्षा वर गेल्यावर तिथल्या पंपावर भरा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं ठेवलं तर उणे ३५च्या आसपासपर्यंत चिंता नाही. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. टाकीखाली शेकोटी पेटवणारे ट्रकवाले तिकडे दिसतील. बघा आणि पुढे जा.

मेकॅनिककडे जाताना

एका कागदावर लिहा: सकाळचं तापमान, सेल्फआधीचं व्होल्टेज, सेल्फ चालू असतानाचं व्होल्टेज, कितव्या प्रयत्नाला सुरू झाली, धूर कोणता. व्हिडिओ मोबाइलवर आहेच. आणि गाडी सकाळी नेऊ नका, आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा, म्हणजे थंड इंजिनाचा पहिला सेल्फ मेकॅनिकच्या हातून होईल. फक्त एक काळजी घ्या. सकाळी गॅरेज उघडणारा पोऱ्या आल्या आल्या सगळ्या गाड्या बाहेर काढून लावतो. तेव्हा स्टिअरिंगवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: 'सेल्फ मारू नका. थंड तपासायची आहे.'